ट्रिपल बूट, आरटी कर्नल: आयसोलसीपीयूज टाकूनही जिटर १८० मायक्रोसेकंद

मिलिंगवाला: एकाच एसएसडीवर आधी विंडोज १०, मग डेबियन १२ आणि शेवटी उबुंटू २२.०४. सगळं यूईएफआय (बायोसनंतरची नवी बूट पद्धत). डेबियनमध्ये आरटी (रिअल-टाइम, म्हणजे काम ठरल्या वेळी करणारा) कर्नल टाकलाय, युनेम कमांडमध्ये प्रीएम्प्ट आरटी दिसतं. लिनक्ससीएनसीने (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) पॅरलल पोर्टवरून स्टेपर (मशीनच्या मोटर) चालवायचेत, बेस थ्रेड (मोटरना पल्स देणारं काम) दर २५ मायक्रोसेकंदांनी. पण लेटन्सी टेस्टमध्ये कमाल जिटर (ठरल्या वेळेत पडणारा फरक) १८०. चार कोअर आहेत म्हणून डेबियनच्या ग्रबमध्ये (बूट मेनू देणारा प्रोग्राम) आयसोलसीपीयूज=३ (कोअर ३ इतर कामांपासून वेगळा ठेवा) लिहून अपडेट-ग्रब केलं. काडीचा फरक नाही. बूट मेनू उबुंटूचा येतो, ओएस-प्रोबर (इतर ओएस शोधून मेनूत टाकणारा) चालू आहे.

कोअर३: गोम शेवटच्या वाक्यात आहे. डेबियनमध्ये अपडेट-ग्रब केलंत की डेबियनची मेनू फाइल बदलते. तुम्ही बूट करताय उबुंटूच्या मेनूतून, आणि त्यात ओएस-प्रोबरने आधी उचललेली जुनी ओळ तशीच पडून आहे. प्रॉकमधली सीएमडीलाइन फाइल (कर्नल कोणत्या पर्यायांनी बूट झाला ते त्यात असतं) कॅट करून बघा, आयसोलसीपीयूज नसणारच.

उबुंटूत जाऊन अपडेट-ग्रब केलं तर आज भागेल, पण डेबियनचा कर्नल अपडेट झाला की पुन्हा तेच. त्यापेक्षा ईएफआयबूटएमजीआर कमांडने बूट क्रमात डेबियन पहिल्या क्रमांकावर आणा आणि उबुंटू लागेल तेव्हा बोर्डाच्या बूट मेनूतून घ्या. विंडोजला बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर हे करण्याआधी रिकव्हरी की हाताशी ठेवा.

मिलिंगवाला: खरंच नव्हतं! आता आहे. जिटर ६० वर आला, पण मधूनच उडी मारतो.

जुनाबोर्ड: आता बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) शिरा. हायपरथ्रेडिंग, सी-स्टेट्स (कोअरची झोप), स्पीडस्टेप आणि टर्बो (वेग आपोआप बदलणं) बंद. झोपलेला कोअर जागा व्हायला वेळ लागतो, तोच जिटरमध्ये दिसतो. यूएसबी लेगसी सपोर्टही बंद करून बघा: त्यातून एसएमआय (सिस्टिम मॅनेजमेंट इंटरप्ट) येतात, आणि ते बोर्डाचं फर्मवेअर हाताळतं, कर्नलला अडवता येत नाहीत. उड्या ठरावीक अंतराने येत असतील तर संशय तिथेच घ्या.

मोजताना मशीन रिकामं ठेवू नका. दोन-तीन जीएलएक्सगिअर्स (ग्राफिक्सचा छोटा डेमो), सोबत मोठी फाइल कॉपी, निदान तासभर. २० च्या आत आलं तर उत्तम. ५० च्या खाली येतच नसेल तर पॅरलल पोर्टचा नाद सोडा, स्टेप सुटू शकतात. मेसा कंपनीचं इथरनेटवर चालणारं मोशन कंट्रोल कार्ड घ्या. पल्स कार्डावरच तयार होतात, पीसीकडे फक्त १ मिलिसेकंदाचा सर्व्हो थ्रेड (हालचालीचं गणित करणारं संथ काम) उरतो आणि त्याला एवढा जिटर सहज पचतो.