जुनं म्हार्दोळ: पडलेलं देऊळ उभं करायचं म्हणजे नेमकं काय उभं करायचं?

तळीकाठ (धागा सुरू करणारा)

गेल्या रविवारी आईला घेऊन वेर्ण्याला गेलो होतो. म्हाळसा नारायणी आमची कुलदेवी, त्यामुळे आमचं जाणं-येणं प्रियोळातल्या म्हार्दोळला. आईला मात्र एकदा 'जुन्या म्हार्दोळात', म्हणजे वेर्ण्यातल्या देवीच्या मूळ जागी, जायचं होतं. तिथे आता नवं देऊळ आहे, पूजाअर्चा आहे, सगळं नीट आहे. आई दर्शन घेऊन बाहेर आली आणि थेट जुन्या तळीकडे गेली. पायरीवर बसली आणि म्हणाली, "हांगाच आशिल्ली न्हूं ती?" (इथेच होती ना ती?) पुढे बराच वेळ काही बोलली नाही.

परतताना गाडीत मावसभावाने विषय काढला. सरकारने २०२२ च्या अर्थसंकल्पात पोर्तुगिजांनी पाडलेल्या देवळांसाठी २० कोटी ठेवले होते, तर आता एकेक करून सगळी 'होती तशी' उभी करायला हवीत. मी विचारलं, होती तशी म्हणजे कशी? पणजी येईपर्यंत आमचं तेच चाललं होतं. म्हटलं इथे टाकावं.

माझं म्हणणं असं. वेर्ण्याचं देऊळ १५६७ मध्ये राशोल किल्ल्याच्या पोर्तुगीज कप्तानाने, दियोगो रॉड्रिग्जने, पाडलं. देवीला झुआरीपलीकडे फोंड्यात नेलं, कारण तिथे आदिलशाही होती. आज आपण डोळे मिटून 'गोव्याचं देऊळ' म्हणतो तेव्हा काय दिसतं? गर्भकुडीवर अष्टकोनी मनोऱ्यावरचा घुमट, अंगणात पांढरी दीपमाळ, कमानीच्या खिडक्या, कौलारू सभामंडप, हंड्या-झुंबरं. हे रूप फोंड्यात घडलं, आणि तेही नंतर. कवळ्याच्या शांतादुर्गेचं आजचं देऊळ छत्रपती शाहूंच्या काळातलं, नारोराम मंत्र्यांनी पुढाकार घेतलेलं, १७३८ मध्ये पुरं झालेलं. म्हणजे केळोशीहून, तिच्या मूळ गावाहून, देवी निघाली त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी. वेर्ण्याला कुणी दीपमाळ-घुमट बांधला, तर तो १५६७ च्या देवळाला अठराव्या शतकाचा अंगरखा चढवणं झालं.

मग कुणी म्हणतं, तांबडी सुर्लाच्या महादेवाच्या देवळासारखं बांधा, कदंबांचं. तो काळा पाषाण सासष्टीत, म्हणजे वेर्ण्याच्या भागात, कुठून आला? आपल्याकडे पायाखाली जांभा.

खरं म्हणजे जुन्या जागी उरतं ते जोतं, चिरे आणि तळी. आणि कागदात उरतो तो फोराल, म्हणजे देवळांच्या जमिनींची यादी. देवळं पाडल्यावर पोर्तुगिजांनी ती लगेच करून घेतली, कारण उत्पन्न चर्चकडे वळवायचं होतं. देवळाचं कुठलं शेत कुणाच्या नावे, वाजंत्र्याची नमशी (सेवेबद्दल दिलेली जमीन) कुठली, हे त्यांत मिळतं. माझ्या मते पैसा आधी इथे लागावा: जोती मोजा, तळ्या उपसा, फोराल मराठीत आणा. स्लॅब नंतर.

---

चौखांब

तळीकाठ, तुमचं लिखाण नेहमी आवडीने वाचतो, पण आज पटलं नाही. एकदम नाही.

तुम्ही देवळाकडे इमारत म्हणून बघताय. देऊळ म्हणजे रोजचा अभिषेक, पालखी, कौल-प्रसाद. हे चालू असेल तर देऊळ आहे, नसेल तर नुसते दगड. 'होतं तसंच हवं, नाहीतर नको' ही अट आपल्या परंपरेत कधी होती? शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये नार्व्याला सप्तकोटेश्वराचं देऊळ बांधायचा हुकूम दिला. दाराच्या वर शिलालेख आहे, जाऊन वाचा. दिवाडी बेटावरचं मूळ देऊळ कसं होतं याचा नकाशा मागवला का त्यांनी? आपल्या काळाच्या रीतीने बांधलं. तुमचं लाडकं कवळेसुद्धा १७३८ मध्ये 'नवंच' होतं. त्या वेळी तुमच्यासारखा कुणी असता तर म्हणाला असता, हा घुमट कसला, हा तर मुसलमानी थाट!

जीर्णोद्धार म्हणजे आपापल्या काळाने देवाला दिलेलं घर. आमचा काळ काँक्रीटचा आहे, तर काँक्रीटचं देऊ. देवीला चालतं, तुम्हाला चालत नाही.

---

चिरेबंदी

चौखांब, नार्व्याचा दाखला तुमच्याच अंगावर येतो. ते देऊळ जांभा, चुना आणि इथल्याच गवंड्यांच्या हातचं आहे. साडेतीनशे वर्षांनी, २०२३ मध्ये, डागडुजी होऊन पुन्हा खुलं झालं, कारण मुळात डागडुजी होण्यासारखं होतं. जांभा आणि चुना दोघंही श्वास घेतात. चार महिने पाऊस पितात, आठ महिने सोडतात. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की पाणी आत कोंडतं आणि चिरा आतून भुसभुशीत होतो. हे मी पंचवीस वर्षं साइटवर उभा राहून पाहतोय.

आता घरची गोष्ट. आमच्या गावच्या देवीच्या देवळाला (गावाचं नाव घेत नाही, उगाच बैठक बोलावतील) लाकडी कोरीव चौखांब होते आणि मंडपाच्या भिंतीवर कावीची चित्रं. लाल माती आणि चुना यांच्या थरांत टोकदार हत्याराने खरवडून काढलेले दशावतार. २०११ च्या मे महिन्यात जेसीबी आला. चार दिवसांत सगळं सपाट. एकाही भिंतीचा साधा फोटो कुणी काढून ठेवला नाही. आता तिथे ग्रॅनाइट आहे, पाय भाजतात. आमच्या देवळाचं कुणी परक्याने काही केलं नाही हो. आम्हीच केलं, वर्गणी काढून, जीर्णोद्धाराची पत्रिका छापून.

---

सात_लाखवाला

साधा हिशोब. एकट्या सासष्टीत १५६७ मध्ये पाडलेल्या देवळांचा आकडा २८० च्या आसपास सांगतात. २० कोटी भागिले २८० म्हणजे देवळामागे सात लाख. बार्देस, तिसवाडी हे बाकीचे तालुके धरलेच नाहीत. सात लाखांत चिरेबंदींच्या गावचं ग्रॅनाइट तरी होतं का?

---

चिरेबंदी

@सात_लाखवाला: नाही. फक्त पायऱ्या झाल्या असत्या.

---

बांदोडेकर_भाची

विषयाला थोडा फाटा. सगळ्याच देव्या सासष्टीतून पळून आल्या असं सरसकट बोलू नका. आमच्या बांदिवड्याच्या महालक्ष्मीबद्दलही 'कोलव्याहून आली' एवढंच लोक सांगतात. पण शेजारी नागेशीला १४१३ चा शिलालेख आहे आणि त्यात नागेशाबरोबर महालक्ष्मीच्या देवळालाही दान दिल्याची नोंद आहे. पोर्तुगीज गोव्यात यायच्या शंभर वर्षं आधी! म्हणजे बाहेरची देवी आली ती आधीपासून असलेल्या देवीच्या घरी. पाहुणी आणि यजमान एकरूप झाल्या. फोंड्याला 'निर्वासितांची छावणी' म्हटलं की आम्हा मूळच्यांना राग येतो, एवढंच.

आणि तळीकाठ, तुम्ही १५६७ वर का थांबता? त्याच्या मागे जा ना. आमच्याकडे सातेरीच्या कित्येक देवळांत गर्भकुडीत मूर्तीच्या आधीपासून रोयण आहे, वारूळ. देवी जमिनीतून वर आलेली. तिला भिंती लोकांनी नंतर घातल्या, पाषाण नंतर आला, शांतादुर्गा हे नावही अनेक ठिकाणी नंतरच. 'मूळ देऊळ' शोधायला निघालात तर शेवटी मातीच्या ढिगापाशी पोचाल. मग काय, तो मोजणार?

---

तळीकाठ

@बांदोडेकर_भाची: नागेशीचं मान्य, ते मी लिहायला हवं होतं. आणि हो, रोयण मोजायची वेळ आली तर तीही मोजीन. 🙂

@चौखांब: कवळ्याचा मुद्दा लागला. रात्रभर डोक्यात होता. जे आज जुनं म्हणून मी जपा म्हणतो ते एकेकाळी कुणाचं तरी धाडसी नवं होतं, हे खरं आहे. पण त्यांनी नवं बांधलं ते नव्या जागी. जुन्या जोत्यावर रोलर फिरवून नाही. वेर्णे, केळोशी, राय गावातलं कामाक्षीचं स्थान, या जागांवर जमिनीखाली जे असेल ते एकदा यंत्राने उकरलं की त्याला दुसरी संधी नाही. देऊळ मागाहून कधीही बांधता येतं. उकरलेला पाया परत भरता येत नाही.

---

चौखांब

पुन्हा 'आधी मोजा, मग बघू'. सरकारी फाइलीसारखं. माझी आजी म्हार्दोळच्या जायांच्या पूजेला दर वर्षी जायची. सगळं देऊळ जायांनी भरलेलं, दारातच वासाने डोकं हलकं व्हायचं. घरी आल्यावर एक जाई वेर्ण्याच्या दिशेने ठेवायची. विचारलं तर म्हणायची, तिचं माहेर तिकडे. ती गेली १९९४ मध्ये. वेर्ण्याला देऊळ झालेलं तिने पाहिलं नाही. मी पाहिलं, आणि पहिल्या दिवशी मी रडलो. घुमट कुठल्या शतकाचा हे त्या वेळी माझ्या मनातही आलं नाही.

पाडलेलं तसंच पडू देणं म्हणजे त्या कप्तानाचा हुकूम साडेचारशे वर्षांनीही पाळत राहणं आहे. तुम्हाला ते अवशेष सुंदर वाटतात. मला ती जखम दिसते.

---

शिगमो_बारा

कुंकळ्ळीकडून एक गोष्ट. आमची शांतादुर्गा फातर्प्याला गेली, आणि तिला परत आणायला आम्ही काँक्रीट ओतलं नाही. शिगम्यात ती स्वतः येते. बारा वांगडांच्या (मूळ घराण्यांच्या) बारा छत्र्या, गुलाल, ढोल-ताशे, आणि फातर्प्याहून कुंकळ्ळीची वाट. वर्षातून एकदा देवी आपल्या जुन्या गावात. या गावाने पोर्तुगिजांविरुद्ध १५८३ चा उठाव केलाय, तेव्हा आम्हाला कुणी जखमेचं शिकवू नये. आणि या देवीच्या मानात आमचे ख्रिश्चन गांवकरही आहेत, कारण वांगड तेच, रक्त तेच, धर्म बदलला म्हणून गांवकारी सुटली नाही.

उद्या कुणी मूळ जागेवर भलंमोठं मंदिर बांधून देवीला कायमची तिथे बसवली, तर छत्र्या कुठून कुठे नेणार? फातर्प्याने काय करायचं? देवीची वाट हीच आमची वास्तू आहे. ती बांधता येत नाही, चालावी लागते.

---

चौखांब

कुंकळ्ळकारांपुढे हात जोडतो. पण प्रत्येक गावाच्या नशिबी अशी वाट आलेली नाही. मडगावच्या दामोदराचा गुलालाचा उत्सव जांबावलीला होतो, मडगावकर तिकडे जातात. तो काही मडगावात येत नाही.

---

शिगमो_बारा

येत नाही, बरोबर. पण मडगावकर तरी जायचे थांबलेत का?

---

चिरेबंदी

भांडण चालू द्या. तळीकाठ, वेर्ण्याला गेलात तर कुर्डीची मातृदेवी पाहिली की नाही? जांभ्यात कोरलेली, अंगाखांद्याने भरभक्कम, फार जुनी. साळावलीच्या धरणात कुर्डी गाव बुडालं तेव्हा पाण्याखाली जाऊ नये म्हणून तिला इथे आणून ठेवलं. म्हणजे ज्या जागेची देवी धर्मापायी गेली, त्याच जागी धरणापायी निघालेली दुसरी देवी येऊन राहिली. तिच्यासाठी मात्र कुठली समिती नाही, की वर्गणी नाही.

---

तळीकाठ

पाहिली. आईने तिलाही नमस्कार केला, 'ही कोण' असं न विचारता. हातात ओंजळभर अबोली उरली होती, ती तिच्यापुढे ठेवली.

@चौखांब: मे अखेरीस तळीचं पाणी तळाला जातं, तेव्हा मी आणि चिरेबंदी टेप घेऊन पायऱ्या मोजायला जाणार आहोत. तुम्ही या. आधी दर्शन घेऊ, तुमच्या नव्या देवळात. भांडण पायऱ्यांवर बसून पुढे नेता येईल.

---

चौखांब

येईन. पण टेप मी धरणार नाही.