मदत हवी आहे: वाई ते नरसोबाची वाडी सायकलने, हायवे टाळून

डिसेंबरमध्ये मी आणि बाबा (वय ६२, रोज सायकल चालवतात) कृष्णेच्या काठाने जायचं ठरवतोय. वाई, मेणवलीचा घाट, संगम माहुली, कराडचा प्रीतिसंगम, औदुंबर, सांगली, वाडी आणि शेवटी खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर. घाई अजिबात नाही, देवळं आणि घाट नीट बघायचेत, त्यामुळे दिवसाला साठ-पासष्ट किमीच्या वर नको.

अडचण सातारा ते कराडची आहे. मॅपवर टाकलं की तो सरळ पुणे-बंगळूर हायवेवर ढकलतो आणि ट्रकच्या बाजूने बाबांना न्यायचं नाहीये. मी शोधलेला पर्याय म्हणजे माहुलीवरून कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कराड. सॅटेलाइट व्ह्यूमध्ये रस्ता दिसतो पण डांबर कसंय ते कळत नाही, आणि तिकडे ओळखीचं कुणी नाही.

शिवाय तेव्हा ऊसतोड जोरात असणार, कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या अरुंद रस्त्यावर समोरून आल्या की सायकलवाल्याला खाली उतरावंच लागतं, म्हणून साइडपट्टीचं विचारतोय.

सायकली हायब्रिड, टायर ३५ एमएमचे, थोडा कच्चा रस्ता चालेल. सामान कॅरियरवर, सोबत गाडी नाही. पंक्चर आम्ही काढतो. अंधारात चालवणार नाही. मुक्कामाचं बघून झालंय, ते नको.

तर अलीकडे सायकल किंवा बाइकने गेलेल्यांनी सांगा, रहिमतपूर-मसूर रस्ता सध्या कसाय? आणि कराडहून औदुंबरला पलूस-भिलवडीकडून जावं की इस्लामपूर-आष्ट्याकडून, ट्रॉल्या कुठे कमी लागतील?