औषधं सुटण्याचं खापर घरच्यांवर नको

मनोरुग्णालयातून 'घरी गेल्यावर गोळ्या सुटतात त्या घरच्यांच्या दुर्लक्षामुळे' असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं आहे. बरेचदा घोळ डिस्चार्जच्या दिवशीच होतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ९८ नुसार सोडण्याआधी रुग्ण, त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी (रुग्णाच्या वतीने बोलायला नेमलेली व्यक्ती) आणि पुढे उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ यांच्याशी बोलून पुढची आखणी करायची असते. येरवड्याच्या मनोरुग्णालयातून जुन्नर-भोरकडे परतणाऱ्या माणसासाठी तर हे फारच गरजेचं.

लिथियम या मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधाचंच घ्या. त्याची रक्तातली पातळी तपासायला रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं: रात्री ९ ला गोळी, सकाळी ९ ला रक्त, सकाळची गोळी असेल तर ती त्यानंतर. गोळी घेऊन लॅबमध्ये गेलं की पातळी फुगलेली दिसते आणि डोस उगाच कमी होतो. उलट एप्रिल-मेमधला घाम, जुलाब, किंवा गुडघ्यासाठी दुकानातून परस्पर आणलेली आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं यांनी पातळी खरोखरच चढते. हात जोरात थरथरणं, उलट्या, तोल जाणं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच दवाखाना गाठायचा. वॉर्डातल्या सिस्टरांनी हे तोंडी सांगून भागत नाही, निघायच्या गडबडीत कुणाच्या लक्षात राहणार? केसपेपरच्या मागे मराठीत चार ओळी लिहून द्याव्यात.