मदत हवी आहे: स्लाफकोव्स्की आणि राइट, आलेख जुळत नाहीये

कर्वेनगरकर
सोमवारी प्रेझेंटेशन आहे आणि मी अडकलोय. स्लाफकोव्स्की आणि राइट या दोन हॉकीपटूंच्या प्रगतीची तुलना करायची आहे. स्लाफकोव्स्कीचा आलेख नीट येतो, राइटचा पार विस्कटतो. २०२२-२३ ला त्याच्या नावासमोर तीन-चार संघ दिसतात. सगळं एकत्र मोजलं तर तो भारी वाटतो, फक्त एनएचएल (उत्तर अमेरिकेतली सगळ्यात वरची लीग) धरलं तर हाताला काहीच लागत नाही. काय धरू, काय सोडू? "गुगल करा" नको, करून झालंय.

खडकीचा लेफ्ट इन
हॉकी हा शब्द दिसला आणि राहवलं नाही. हे दोघं कुठल्या देशाचे? फॉरवर्ड की हाफ? आधी जागा सांगा. धनराज पिल्ले आमच्या खडकीचा. त्याची तुलना कुणी फुलबॅकशी करेल का?

मिसिसागाकर
काका, ही बर्फावरची हॉकी. पण जागेचं तुम्ही अगदी बरोबर बोललात. स्लाफकोव्स्की विंगर, राइट सेंटर. सेंटरला फेसऑफ (खेळ सुरू करताना दोघांतली चकतीसाठीची झटापट) घ्यायचे असतात, बचावातही खाली यावं लागतं.
कर्वेनगरकर, हे कशासाठी हवंय? कोण सरस हे ठरवायचंय, की कुणाला नीट घडवलं हे? दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

पाषाणचा हॅब्ज फॅन
यात ठरवायचं काय आहे? २०२२ च्या ड्राफ्टआधी (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) वर्षभर राइटचाच गजर होता. मॉन्ट्रिअलने स्वतःच्या शहरात, स्वतःच्या प्रेक्षकांसमोर स्लाफकोव्स्कीला पहिला उचलला. राइट चौथा, सिअ‍ॅटलकडे. २०२३-२४ मध्ये स्लाफकोव्स्कीचे ८२ सामन्यांत ५० पॉइंट (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून), वर आठ वर्षांचा करार, वर्षाला ७६ लाख डॉलर. राइट तेव्हा एएचएलमध्ये, म्हणजे एनएचएलच्या खालच्या लीगमध्ये खेळत होता.

मिसिसागाकर
का खेळत होता तेही सांगा की. राइट आमच्या जवळच्या बर्लिंग्टनचा, म्हणून मनापासून वाईट वाटतं. वयाच्या पंधराव्या वर्षी खास परवानगीने ओएचएलमध्ये (कॅनडातली एक ज्युनिअर लीग) आला, पहिल्याच सीझनला ३९ गोल केले. मग कोविडने ओएचएलचा २०२०-२१ चा अख्खा सीझन बुडाला. सोळा-सतराव्या वर्षी मुलाचा सीझन जाणं ही लहान गोष्ट नाही.
आता तुमच्या तीन-चार संघांचं कोडं. तेव्हाच्या नियमानुसार कॅनडाच्या ज्युनिअर लीगमधून निवडलेल्या कोवळ्या खेळाडूला एएचएलला पाठवता येत नव्हतं. एनएचएलमध्ये ठेवा, नाहीतर ज्युनिअरला परत. त्यामुळे सिअ‍ॅटलकडून ८ सामने, थोड्या दिवसांच्या सवलतीत एएचएल, मग कॅनडाचा कर्णधार म्हणून ज्युनिअर वर्ल्ड कपचं सुवर्ण, मग ओएचएलमध्ये विंडसरचा संघ. स्लाफकोव्स्की फिनलंडमधून आलेला, त्याला ही आडकाठी नव्हती. त्याला एएचएलला पाठवता आलं असतं, मॉन्ट्रिअलने पाठवलं नाही. ३९ सामने, १० पॉइंट, आणि दुखापतीने सीझन संपला. हे नीट घडवणं म्हणायचं?

पाषाणचा हॅब्ज फॅन
हो, म्हणायचं. पुढच्याच वर्षी ५० पॉइंट आले ना? बीजिंग ऑलिंपिकमध्ये सतराव्या वर्षी ७ सामन्यांत ७ गोल केलेल्या मुलाला खालच्या लीगमध्ये कशाला पाठवायचं?

सहकारनगरची आई
माझी मुलगी रोलर स्केटिंग करते, तिला आइस हॉकीचं वेड लागलंय. २०२५ च्या आशिया कपमध्ये आपल्या मुलींनी कांस्य जिंकलं तेव्हापासून तर जास्तच. बर्फाचा सराव लडाखलाच करावा लागतो का? कुणाला माहिती असेल तर कृपया सांगा.

खडकीचा लेफ्ट इन
ताई, चाकांवर सुरुवात झाली ती उत्तम. पाय आणि तोल तयार झाला की बर्फावर सोपं जाईल. पण हातात काठी आत्तापासूनच द्या.

आकडेमोड
मूळ प्रश्नाकडे येतो. वेगवेगळ्या लीगचे पॉइंट सरळ बेरजेत घ्यायचेच नाहीत. अभ्यासक प्रत्येक लीगला एक गुणक लावतात. एएचएलचा पॉइंट एनएचएलच्या अर्ध्याहून कमी धरतात, ओएचएलचा त्याहूनही कमी. पण तुम्ही नुसते पॉइंट घेताय की सामन्यामागे? आडव्या अक्षावर वय आहे की सीझन?

पर्वती पायथा
एक सुचवू? विषयच बदला. ऋतुराज गायकवाड घ्या आणि जोडीला दुसरा कुणी. परीक्षकांना चटकन कळेल.

कर्वेनगरकर
विषय कोर्सवाल्यांनी दिलाय, बदलता येत नाही. डेटा अ‍ॅनालिटिक्सचा कोर्स आहे. नुसते एकूण पॉइंट घेतलेत, अक्षावर सीझन. प्रश्न असा दिलाय: "कोणाची वाढ अधिक चांगली झाली?"

मिसिसागाकर
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना!

आकडेमोड
मग असं करा. अक्षावर वय घ्या. दोघं २००४ चेच, जानेवारी आणि मार्च, अंतर तीन महिन्यांहून कमी. एएचएल आणि ओएचएलचे ठिपके वेगळ्या रंगात, रेघेला न जोडता. दोघंही जवळपास पूर्ण सीझन एनएचएल खेळले तो २०२४-२५ हाच पहिला, त्यामुळे खरी तुलना तिथे. स्लाफकोव्स्की ७९ सामन्यांत ५१, राइट ७९ सामन्यांत ४४. राइटला बर्फावर बराच कमी वेळ मिळाला, म्हणून दर ६० मिनिटांमागे पॉइंट काढा. अंतर जवळजवळ मिटेल.

पाषाणचा हॅब्ज फॅन
वेळ जास्त का मिळतो? कोचचा विश्वास असतो म्हणून. स्लाफकोव्स्की समोरच्यांच्या उत्तम जोड्यांविरुद्ध खेळतो. ती मिनिटं आणि राइटची मिनिटं एका मापाने कशी मोजता?

आकडेमोड
रास्त मुद्दा. कर्वेनगरकर, त्यासाठी सरासरी खेळवेळेचा वेगळा छोटा आलेख खाली द्या, म्हणजे दोन्ही बाजू दिसतील.

कर्वेनगरकर
वयाचा अक्ष लावला, राइटची रेघ सुटसुटीत झाली. आता खेळवेळ भरतोय. पॉवरप्लेची मिनिटं वेगळी काढावी लागतील का?

आकडेमोड
हो, काढाच. पॉवरप्लेला समोर एक माणूस कमी असतो, तिथले पॉइंट स्वस्त. आधी पाच विरुद्ध पाचचा तक्ता करा आणि इथे टाका, रात्री बघून सांगतो.