मदत हवी आहे: पाइप भिंतीपासून २०० मिमीवर, कमोड २२५ मिमीचा

नमस्कार मंडळी. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जुनं भारतीय भांडं काढून वन-पीस (टाकी जोडलेला) कमोड स्वतःच बसवायचा आहे. कमोड एस-ट्रॅप (खाली फरशीतल्या पाइपात सोडणारा), २२५ मिमीचा, म्हणजे भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंत २२५ मिमी हवेत. पाइपचं माप प्लास्टरपासून घेतलं होतं, नंतर टाइल आणि मसाल्याने २५ मिमी खाल्ले. आता टाइलपासून ११० मिमी व्यासाच्या पाइपच्या मध्यापर्यंत २०० मिमीच भरतात, म्हणजे टाकी भिंतीत घुसते.

१०० मिमीचा कमोड घेतला तर मागे १०० मिमी पोकळी राहते, तिथे झाडू जात नाही आणि घाण साचते. फरशी फोडून पाइप पुढे घ्यावा, तर संकमधलं (टॉयलेटखालच्या खोलगट स्लॅबमधलं) वॉटरप्रूफिंग तुटेल आणि खालच्यांच्या छताला ओल येईल. ते अजिबात नकोय.

तिसरा मार्ग म्हणजे २५ मिमी सरकवणारा रबरी ऑफसेट कनेक्टर. पाइपचं तोंड टाइलखाली १५ मिमी आहे. कनेक्टर तेवढ्यात नीट पकडेल का? त्या वळणावर तुंबतं का? कुणी वर्ष-दोन वर्षं वापरलाय?

फरशीला नहाणी ट्रॅपकडे (फरशीवरचं पाणी जाण्याच्या जाळीकडे) ५ मिमी उतार आहे. प्लास्टिकच्या पट्ट्या घालून लेव्हल करणार आणि कडेने सिलिकॉन भरणार. मागची ५० मिमी कड मुद्दाम उघडी ठेवायची आहे, गळती झाली तर तिथून दिसेल. पांढऱ्या सिमेंटचा पूर्ण थर नको, पुढे काढताना भांडं तडकतं.

शेवटचं म्हणजे रॅक बोल्टसाठी (कमोड फरशीला आवळणारे बोल्ट) किती खोल ड्रिल केलं तर वॉटरप्रूफिंगला धक्का लागणार नाही? टाइलखाली विटांचे तुकडे भरलेत, त्यात बोल्ट धरतील का?