खारेपाटातलं आमचं रात्याचं बियाणं प्रयोगाला द्यावं का?

प्रश्न – खारेपाटची लेक

नमस्कार. जरा सविस्तर लिहितेय, अर्धवट सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही.

आमचं शेत अलिबाग तालुक्यात, खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात. एकूण ३४ गुंठे, त्यातले १२ गुंठे थेट खाडीच्या बांधाला लागून. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, शेत बाबा बघतात. त्यांचं वय ७१. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदातल्या उधाणाला बांधाला खांड पडली आणि खारं पाणी चार दिवस शेतात उभं राहिलं. विकत आणलेलं हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं, भात पार करपलं. बांधालगतच्या तुकड्यात बाबा दरसाल हट्टाने काळा राता पेरतात, आजीच्या वेळच्या भाताचं बियाणं. ते तेवढं उभं राहिलं. भरघोस आलं नाही, पण घरच्या पेजेपुरतं आलं.

ते बी बाबा कसं निवडतात हे मी लहानपणापासून बघतेय. कापणीच्या आदल्या दिवशी एकटेच शेतात शिरतात. एकेक लोंबी बोटांच्या चिमटीत धरून वरून खालपर्यंत चाचपतात. मध्ये पळंज, म्हणजे पोकळ दाणा, लागलं की सोडून पुढे. भरलेल्या लोंब्या तेवढ्या खुडायच्या, त्यांची जुडी बांधायची आणि पडवीच्या आढ्याला टांगायची. गेल्या खेपेला असं जेमतेम ९ किलो बी निघालं.

आता कृषी विषयात पीएचडी करणारा एक मुलगा आलाय. त्याला २ किलो बी हवंय आणि बांधालगतचे ४ गुंठे दोन खरिपांसाठी. त्याच्याबरोबर आरोग्याचा एक गट आहे. खाऱ्या पाण्याचा माणसावर काय परिणाम होतो ते बघायला त्यांना घरातल्या सगळ्यांचं बीपी आणि विहिरीच्या पाण्याचा नमुना हवाय. पाच पानांचं संमतिपत्र दिलंय, सगळं इंग्रजीत. शिवाय मोबाईलवर एक ॲप आहे. त्यात पाऊस, पाण्याची पातळी, पिकाची अवस्था अशा रोजच्या नोंदी मी करायच्या. ‘सातवीच्या मुलांना सोबत घ्या, त्यांचंही शिकणं होईल’ असं त्याचं म्हणणं.

मुलगा सरळ वाटतो. पण दहाएक वर्षांपूर्वी असेच काही लोक माती आणि बी घेऊन गेले होते. अहवाल पाठवतो म्हणाले. ना अहवाल आला ना माणूस. बाबांच्या मनाला ते लागलंय. म्हणतात, “बी दिलं की आपलं काय उरलं?” मला त्यांना उत्तर देता येत नाही. काय करावं?

उत्तर – निवृत्त कृषी सहायक, पेण

ताई, माझी ३१ वर्षं भाताच्या प्रयोगांत गेली, त्यातली बरीच खार जमिनीवर. बाबांचा प्रश्न रास्त आहे, त्याकडे येतोच. पण माझं मत आधी सांगतो, द्या.

राता खार सोसतो हे खारेपाटातल्या कुठल्याही घरात सांगतील. किती सोसतो आणि कधी, हे मात्र मोजल्याशिवाय कळत नाही. जमिनीची क्षारता ‘ईसी’ने, म्हणजे विद्युतवाहकतेने मोजतात. ती ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात. समुद्राच्या पाण्याची ५० च्या आसपास असते. साधारण भाताचं उत्पन्न ३ च्या पुढेच उतरायला लागतं आणि तिथून प्रत्येक एककाला साधारण १२ टक्के घटत जातं. उन्हाळ्यात शेतात जो पांढरा थर फुटतो तो खालचा क्षार वर चढलेला असतो, पावसाने तो धुऊन जातो. म्हणूनच आपल्याकडे रहू टाकतात. चांगला पाऊस लागून वरचा खार उतरला की मोड आलेलं बी फेकायचं. रुजताना भात बऱ्यापैकी खार सोसतं. दोन-तीन पानांवर असताना आणि निसवताना, म्हणजे लोंबी बाहेर पडताना, मात्र ते फार नाजूक असतं.

आता तुमच्या खांडीचं बघा. भाद्रपदात हळवं भात निसवायच्या बेतात असणार, म्हणजे नेमक्या वाईट वेळी पाणी आलं. राता तेव्हा कोणत्या अवस्थेत होता? तो अजून फुटव्यांवर असेल तर तो जातीच्या गुणाने वाचला की वेळेमुळे, हे तुम्हाला-मला सांगता येणार नाही. दोन्ही भातं शेजारी शेजारी, निसवायची वेळ जुळवून घेतली तरच कळेल. हा प्रयोग व्हायला हवा असं मी म्हणतो ते एवढ्यासाठी. बाबांनी इतकी वर्षं जे जपलं त्यात नेमकं काय आहे ते कागदावर येईल.

पण त्या मुलाला एक गोष्ट जरूर विचारा. वाफे कसे पाडणार? बांधाकडून गावाकडे येताना खार कमी कमी होत जातो, हे तुम्हाला पायाखालून माहीत आहे. मी नोकरीत नवा असताना आमच्या एका प्रयोगात नव्या जातीचे वाफे गावाकडे पडले आणि जुन्या जातीचे बांधाकडे. कारण काय, तर रोपं वाहून न्यायला तेच सोयीचं होतं. नवी जात जोरात आली, आम्ही सगळे खूश. पुढच्या वर्षी साहेबांनी पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यात चिठ्ठ्या टाकल्या, ज्या जातीची चिठ्ठी निघेल ती तिथे. निम्म्याहून जास्त फरक गळून पडला. तोवर त्या जातीची शिफारस आम्ही दोन गावांत तोंडी करून बसलो होतो. त्याची खंत मला आजही आहे.

म्हणून बांधाला समांतर निदान तीन पट्टे, प्रत्येक पट्ट्यात सगळ्या जाती, आणि जागा चिठ्ठी टाकून ठरवायची. चिठ्ठ्या बाबांना काढायला सांगा. तुलनेला पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राच्या पनवेल १, २, ३ पैकी एखादी जात असावी. दापोलीच्या विद्यापीठाचंच केंद्र आहे ते. माती रहू टाकण्याआधी, फुटव्यांवर आणि निसवताना अशी तीनदा तपासायला सांगा. एकदाच नमुना नेला तर उपयोग नाही.

बियाण्याचं म्हणाल तर २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. त्यात शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येते, आणि शेतकऱ्याला शुल्क पडत नाही. उद्या कोणी तुमच्या रात्यापासून नवी जात काढून नोंदवायला गेला तर मूळ बी कुठून घेतलं ते त्याला जाहीर करावं लागतं, आणि लाभात वाटा मागायची सोय आहे. बी राखणं, पेरणं, शेजाऱ्याला देणं, ब्रँड न लावता विकणं, हा बाबांचा हक्क बी दिल्याने कुठेही जात नाही. हे त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

उत्तर – सिस्टर, रायगड

शेतीतलं मला कळत नाही, बीपीच्या भागाबद्दल लिहिते. मी उपकेंद्रात काम करते.

ताई, इंग्रजी कागदावर सही करू नका. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांनुसार संमतिपत्र माणसाला समजेल अशा भाषेत हवं आणि त्याची प्रत तुमच्याकडे राहायला हवी. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं, आणि बाहेर पडलात म्हणून शेताच्या प्रयोगावर परिणाम होता कामा नये. शेत आणि बीपी यांचे कागद वेगळे करून मागा. बाबांना शेत द्यायचं असेल आणि आईला बीपी द्यायचं नसेल, तर तो आईचा अधिकार आहे. नीतिमत्ता समितीची मंजुरी आहे का तेही विचारा. असली तर ते लगेच दाखवतील.

विषय मात्र महत्त्वाचा आहे, टाळू नका. बांगलादेशात खुलना भागातल्या डाकोपमध्ये गरोदर बायकांच्या पिण्याच्या पाण्यातला खार आणि त्यांचं बीपी यांचा अभ्यास झालाय. पाणी जास्त खारं होतं त्या कोरड्या दिवसांत वाढलेल्या बीपीच्या बायका जास्त आढळल्या. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये विहिरींची चव बदलते, तेव्हा मला हे सारखं आठवतं. गृहभेटीला गेले की कोणत्या विहिरीचं पाणी पिता हे मी बायकांना आवर्जून विचारते.

बीपी घेताना माणसाला पाच मिनिटं शांत बसवलं पाहिजे आणि दोनदा मोजलं पाहिजे. शेतातून आल्या आल्या पट्टा बांधला तर तो आकडा काही कामाचा नाही. कोणाचं १४० वर ९० किंवा जास्त निघालं तर पुढे कुठे पाठवणार, हे आधी लिहून घ्या. आकडा घेऊन जायचं आणि माणसाला सांगायचंच नाही, असं होऊ देऊ नका.

आणि सातवीच्या मुलांना पाऊस मोजू दे, पाण्याची ईसी बघू दे. पण घरच्यांच्या बीपीचे आकडे त्यांच्या हातात नकोत. गावात गोष्ट फुटायला वेळ लागत नाही.

उत्तर – भाताचा विद्यार्थी, दापोली

ताई, मी स्वतः पीएचडीच करतोय. तो मुलगा माझ्या ओळखीचा नाही. कागदांबद्दल सिस्टरांनी लिहिलंय ते आमच्यातले सगळे पाळत नाहीत, त्यामुळे मागायला संकोच करू नका.

केरळच्या पोक्काळी भाताचं उदाहरण द्यावंसं वाटतं. तेही असंच खाडीकाठचं जुनं भात. त्याच्या पहिल्या गुणसूत्रावरचा ‘सॉल्टॉल’ हा भाग खार सोसण्याशी जोडलेला निघाला आणि आज तो कितीतरी देशांत नव्या जातींत घालतात. रात्यात काय आहे ते बघितल्याशिवाय कसं कळणार?

बी देताना सोबत माहितीचा तक्ता भरून घ्या. गाव, शेत कुठे आहे, स्थानिक नाव, किती वर्षांपासून, आणि बी देणाऱ्याचं नाव. हे बी दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत जमा करायला सांगा. तिथे त्याला ‘आयसी’ क्रमांक मिळतो. तो तुमच्याकडे असला की बी कुठे गेलं याचा माग राहतो. तुमच्याकडून मागच्या वेळी नेलेल्या बियाण्याला हा क्रमांकच नसावा.

अजून एक. ९ किलो बी एकाच पडवीत आहे, हे वाचून मला धस्स झालं. उधाण घरापर्यंत आलं तर? किलोभर तरी बांधापासून लांबच्या एखाद्या नातेवाइकाकडे आजच ठेवा. प्रयोगाला २ किलोची गरज नाही, ४ गुंठ्यांत तीन-चार जाती असतील तर रात्याला एका किलोच्या आतबाहेर पुरेल.

खारेपाटची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय, कारण आधी त्या मुलाला सगळं विचारून घेतलं.

मराठी संमतिपत्र त्याने आठ दिवसांत आणलं, शेताचं वेगळं, बीपीचं वेगळं. समितीचं मंजुरीपत्र दाखवलं. पट्टे आणि चिठ्ठ्या त्याच्या आराखड्यात आधीपासून होत्या, फक्त आम्हाला सांगायचं राहून गेलं होतं. चिठ्ठ्या बाबा काढणार हे त्याला आवडलं. आई बीपीला तयार आहे, काकू नाही म्हणाल्या, तो विषय तिथेच मिटला. ॲप अजून इंग्रजीतच आहे, ते होईपर्यंत मुलं वहीत नोंदी करतील. एक किलो बी पोयनाडला आत्याकडे पोचलं.

पेणच्या काकांचा शेवटचा परिच्छेद बाबांना वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला. मग ते उठले, आढ्याची जुडी खाली काढली आणि तराजू मागितला. माहितीच्या तक्त्यात बी देणाऱ्याच्या नावापुढे मी त्यांचं नाव लिहायला लागले, तर त्यांनी हात धरला. “माझं कशाला, आईचं लिही. बी तिचं आहे.” तसं चालेल का असं मी त्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, दोन्ही लिहू, आधी आजींचं.

रहू मिरगानंतर पाऊस बघून टाकू. मातीचा पहिला नमुना गेल्या शनिवारी नेला, त्याचा ईसीचा आकडा आला की इथेच कळवते. काका, तेव्हा तुम्ही बघून सांगा.