मिशिगनचा 15-0 चा सीझन : कोणता सामना बघू?

सायली_कोथरूड :
भाची अ‍ॅन आर्बरला एमएस करतेय. फोनवर हल्ली नुसतं फुटबॉल, तेही चेंडू हातात घेऊन पळतात ते. तिच्या मिशिगन विद्यापीठाच्या 2023 च्या टीमने पंधराच्या पंधरा सामने जिंकले म्हणे. दिवाळीत मी तिच्याकडे जातेय. त्याआधी एक जुना सामना नीट बघायचाय. फायनल बघू का?

कँटनकर :
सायलीताई, फायनल नको. ह्यूस्टनला वॉशिंग्टनविरुद्ध 34-13 झाली. डोनोव्हन एडवर्ड्सने पहिल्याच क्वार्टरमध्ये 41 आणि 46 यार्डांचे दोन टचडाउन मारले (म्हणजे चेंडू थेट समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला), तिथेच जीव भांड्यात पडला होता.

तुम्ही 25 नोव्हेंबर 2023 चा ओहायो स्टेटचा सामना बघा. मी तिथे होतो, अगदी वरच्या रांगेत, हातमोज्यांवर हातमोजे घालून. एक लाखाहून जास्त माणसं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये 17-17 असताना झॅक झिंटरचा पाय मोडला. हा कॅप्टन, जर्सी नंबर 65, गार्ड. म्हणजे चेंडूला हात न लावता इतरांसाठी वाट मोकळी करणारा. त्याला गाडीवरून नेताना सगळं स्टेडियम त्याच्या नावाने ओरडत होतं. आणि लगेच पुढच्याच खेळीत ब्लेक कोरम 22 यार्ड पळत थेट टचडाउन! पळून झाल्यावर त्याने बोटांनी सहा आणि पाच दाखवले. शेजारच्या अनोळखी आजोबांनी मला मिठी मारली, दोघंही रडत होतो. आजही लिहिताना गळा दाटून येतो. 30-24 ने जिंकलो, तेही अगदी शेवटी आमच्या रॉड मूरने त्यांचा पास मधेच पकडला म्हणून.

कोरमवर लक्ष ठेवा. आदल्या वर्षी याच सुमारास त्याचा गुडघा गेला होता. त्या सीझनच्या सेमीफायनलला तो नव्हता, टीसीयूकडून (टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) 51-45 हरलो. एनएफएलला, म्हणजे व्यावसायिक लीगला, न जाता तो परत आला.

नियमवाला :
पण समोरच्या टीमच्या खुणा चोरल्याचं प्रकरण? कोच हार्बॉवर बंदी होती ना?

कँटनकर :
होती, आणि प्रकरण गंभीरच होतं, मी त्यावर पांघरूण घालणार नाही. रेग्युलर सीझनचे शेवटचे तीन सामने हार्बॉ मैदानावर नव्हते, शेरॉन मूर यांनी टीम सांभाळली. त्यातला पेन स्टेटचा सामना मात्र आठवा. शेवटच्या 32 खेळी सलग चेंडू घेऊन पळण्याच्या! पुढे काय येणार हे समोरच्यांना दिसत होतं, तरी थांबवता आलं नाही, 24-15. ती ताकद त्या पोरांच्या खांद्यांतली होती, असं मला मनापासून वाटतं.

सायली_कोथरूड :
ओहायो स्टेटचाच बघते. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, एवढं भाचीने शिकवलंय. पुरेल?

कँटनकर :
भरपूर. तो झाला की 1 जानेवारी 2024 चा रोझ बोलही बघा, म्हणजे त्या सीझनची सेमीफायनल, अलाबामाविरुद्ध. दीड मिनिट उरलं असताना रोमन विल्सनने बरोबरी साधून दिली, ओव्हरटाइममध्ये 27-20. आमच्या घरी त्या रात्री पुरणपोळ्या केल्या होत्या, सामना संपेपर्यंत कोणी ताटाला हात लावला नाही. आणि येताना थर्मल नक्की आणा, तिकीट मिळालं तर चार तास उघड्यावर बसायचंय.